पाच महिने झाले, बोटं अजून दुखतात. कोणत्या तारा घेऊ?

नमस्कार,
वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी गिटार शिकायला घेतली. गिटार धाकट्या भावाची. सहा वर्षं केसमध्ये पडून होती, त्याने घर बदलताना मला देऊन टाकली. गेले पाच महिने रोज अर्धा तास वाजवते. सोप्या कॉर्ड जमतात, एफ मात्र अजून हाती लागत नाही, आणि वीस मिनिटांत डाव्या हाताची बोटं इतकी दुखतात की थांबावंच लागतं. तारा काळपट झाल्यात म्हणून बदलायचं ठरवलं, तर जितकी तोंडं तितके सल्ले. सर म्हणतात बाराच्या लावा. माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा म्हणतो तेराशिवाय आवाजाला वजन नाही, शिवाय जाड तारांवर सुरुवात केली की बोटं तयार होतात. बहीण म्हणते सरळ नायलॉनच्या लावून टाक. दुकानदाराने कोटिंगवाल्या, सगळ्यात महागातल्या पुढे केल्या. भावाला विचारलं, आत्ता कुठल्या आहेत, तर त्याला आठवतच नाही. मला एवढंच सांगा, कुठलं पाकीट घेऊ? आणि तारा माझ्या मला बदलता येतील का?
– एफला अडलेली

नमस्कार,

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. अकराच्या घ्या, फॉस्फर ब्राँझच्या, बिनकोटिंगच्या. पाकिटावर ११–५२ असे आकडे असतील, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी. पण ते पाकीट आणून लगेच फोडू नका. तुमच्या पत्रात मी ज्या वाक्यापाशी अडलो, ते तारांबद्दलचं नव्हतंच. पाच महिने रोज वाजवूनही वीस मिनिटांत बोटं हात टेकतात, हे ते वाक्य. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला नियमित वाजवणाऱ्याला महिना-दीड महिना पुरतो. त्यानंतरही इतकं दुखत असेल, तर बोटांना बोल लावण्याआधी गिटारकडे संशयाने बघावं.

सहा वर्षं ती केसमध्ये होती, आणि तारा बहुधा ताणलेल्याच. बाराच्या संचातल्या सहाही तारांचा ताण एकत्र केला तर ७० ते ७५ किलोच्या घरात जातो. एक चांगला धडधाकट माणूस सहा वर्षं त्या लाकडाला लोंबकळत होता म्हणा. अशाने नेक, म्हणजे गिटारची मान, थोडी पुढे वाकते, ब्रिजमागची (ब्रिज म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी) फळी फुगते, आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या जातात. तार आणि फ्रेट यांच्यातल्या या अंतराला ॲक्शन म्हणतात. ॲक्शन जास्त असेल तर तार दाबताना तुम्ही अर्धी ताकद ती फ्रेटपर्यंत खाली नेण्यातच घालवता. अशा गिटारवर कितीही बारीक तार लावा, फरक पडेल तो उन्नीस-बीस.

मिलिमीटरची पट्टी घ्या. गिटार सुरात लावा, वाजवायला बसता तशीच मांडीवर धरा आणि बाराव्या फ्रेटपाशी मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. बऱ्याचशा पट्ट्यांचा शून्य अगदी कडेला नसतो, तेवढं अंतर मिळवायला विसरू नका. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली सव्वादोन-अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली पावणेदोन-दोन असेल, तर गिटार ठीक आहे. सहावीखाली साडेतीन-चार निघाले, तर तुमचं दुखणं सापडलं.

आता एफ. ती कॉर्ड पहिल्या फ्रेटवर धरा, मग हाताचा आकार तसाच ठेवून पाचव्या फ्रेटवर सरका. तिथे ती ए मेजर होते. पहिल्या फ्रेटवर थोडं जड जाणं सगळ्यांच्याच नशिबी असतं. पण पाचव्यावर कॉर्ड स्वच्छ वाजते आणि पहिल्यावर निम्म्या तारा मुक्या, इतकी तफावत असेल, तर नटच्या खाचा पुरेशा खोल नाहीत. नट म्हणजे डोक्यापाशी तारा जिच्यावरून जातात ती पांढरी पट्टी. खाचा खोल करणं जाणत्या कारागिराला किरकोळ काम आहे. घरी कानस घेऊन बसू नका. खाच जास्त खोल गेली की तार खुळखुळायला लागते, आणि मग नट नवाच घालावा लागतो. दोन्ही ठिकाणी सारखंच जड जात असेल, तर सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), नेक किंवा तारा यांच्याकडे बघायचं.

आणखी एक. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारेच्या खालच्या अंगाने नख फिरवून बघा. बारीक खाचा लागल्या, तर त्या जागी तार फ्रेटवर आपटून आपटून झिजली आहे. अशी तार मोकळी सुरात वाजते आणि दाबली की बेसूर. एफ बिघडतेय असं तुम्हाला वाटतं, त्यात थोडा हात या मेलेल्या तारांचाही असेल.

पैसे घालवण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावा, त्या अवस्थेत सहाही तारा सैल करत ट्यूनरवर नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई अशा जुळवा, आणि कॅपो काढून टाका. गिटार अर्धा स्वर खाली आली. एवढ्याने प्रत्येक तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. आठवडाभर घरी अशीच वाजवा. सरांबरोबर वाजवायची वेळ आली की कॅपो परत पहिल्या फ्रेटवर. वीस मिनिटांची मजल पस्तीसवर गेली, तर बारीक तारा तुम्हाला मानवणार हे कळलं. तसूभरही फरक पडला नाही, तर पाकीट राहू द्या आणि आधी कारागीर गाठा.

आता आकड्यांबद्दल, कारण पाकिटावरची नावं फसवी असतात. बारा, अकरा, तेरा ही पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. बारा म्हणजे ०.०१२ इंच, साधारण ०.३० मिलिमीटर. अकरा म्हणजे ०.२८. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून बोटाला तो लगेच कळतो. बहुतेक कंपन्या बाराच्या संचाला लाईट म्हणतात, अकराच्याला कस्टम लाईट, दहाच्याला एक्स्ट्रा लाईट आणि तेराच्याला मीडियम. 'लाईट' वाचून हलक्या समजून घेतलेल्या तारा बाराच्या निघतात त्या अशा. नाव सोडा, आकडा वाचा. आणि पाकिटावर 'ॲकूस्टिक' लिहिलंय ना, तेही बघा. मी एकदा घाईत १०–४६ उचलून आणल्या आणि चार तारा चढवून झाल्यावर लक्षात आलं की तिसरी तार गुंडाळीची नाही, साधी आहे. इलेक्ट्रिक गिटारचा संच होता. लावला तरी गिटारला इजा नाही, पण माझ्या लाकडी गिटारमधून आवाज असा आला की कुणी शेजारच्या खोलीत वाजवतंय.

बारा आणि अकरा शेजारी ठेवून बघा. बाराच्या संचात साधारण १२, १६, २४, ३२, ४२, ५३ अशा तारा असतात. अकराच्यात ११, १५, २२, ३२, ४२, ५२. चौथी आणि पाचवी अगदी तीच, सहावीत नावापुरता फरक. बदलतात त्या पहिल्या तीन, बारीक तारा. पहिलीचा ताण सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो, दुसरीचा १२ टक्क्यांनी. आता एफ धरून तुमच्या पहिल्या बोटाकडे बघा. ते सहाही तारांवर आडवं असलं, तरी खरं काम त्याला तीनच तारांवर करायचं असतं, सहावी, दुसरी आणि पहिली; बाकीच्या पुढे दुसरी बोटं सांभाळतात. त्यातल्या पहिली-दुसरीवर पडतो तो बोटाच्या मुळाकडचा मऊ, बिनघट्ट्याचा भाग. म्हणजे अकराचा संच नेमका तिथेच हलका आहे, जिथे तुम्ही अडता. खर्जाच्या तारा जवळपास तशाच राहिल्यामुळे आवाजाचा भरदारपणाही फारसा हरवत नाही. अकराची शिफारस आहे ती एवढ्यासाठीच.

मग दहाच्या का नकोत? पहिल्या तारेचा ताण बाराच्या मानाने ३० टक्क्यांनी कमी, कागदावर तर मजाच आहे. पण इतकी मऊ तार जोरात छेडली की फ्रेटवर खरखरते, आणि नवशिक्या हाताने आवळून दाबली की सूर वर चढतो. तुम्ही पाच महिने ताठ तारांशी झुंजत आला आहात, तुमची पकड घट्ट असणारच. गिटार दुरुस्त होऊन अकराच्या लागल्या तरी दुखतच राहिलं, तर खुशाल दहावर या. त्यात कमीपणा काही नाही.

तुमचे सर चुकत नाहीत. मोठ्या अंगाच्या गिटारला बाराच्या तारा शोभतात, बऱ्याच गिटार कारखान्यातूनच बाराच्या लावून येतात. ठीक केलेल्या गिटारवर सहा महिन्यांनी तुम्हीच बाराकडे वळलात तर मला नवल वाटणार नाही. पण 'जाड तारांवर शिकलं की बोटं तयार होतात' हे त्या मुलाचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. दुखलं की माणूस कमी वाजवतो आणि कमी वाजवलं की शिकणं लांबतं, एवढंच काय ते तयार होतं.

तेराचं वेड मलाही लागलं होतं. लहान अंगाची गिटार होती, तिच्यातून मोठ्या गिटारचा आवाज काढायचा हट्ट. पहिले काही दिवस आवाज दणदणीत, मी खूश. दोन-तीन महिन्यांनी तारा उंच वाटू लागल्या म्हणून कारागिराकडे नेली. त्याने काही न बोलता एक कागदाचा कपटा घेतला आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवला. कपटा आत गेला. चांगला नखभर आत गेला. ब्रिज फळीपासून सुटत चालला होता. आधी मी तारा उतरवल्या, मग मान खाली घातली. तुम्हीही असा कपटा सरकवून बघा. कुठेही आत शिरला, तर नव्या तारा चढवू नका. आहेत त्या सैल करा आणि गिटार दाखवून आणा.

बहिणीचा नायलॉनचा सल्ला मायेपोटी आलाय, पण तो दुसऱ्या जातीच्या गिटारसाठी आहे. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात. तिथे पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या तारा वापरत. १९४० च्या दशकात अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या बनवल्या आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या वादकाने त्या उचलून धरल्या. त्या तारांचा एकूण ताण पोलादी संचाच्या जेमतेम निम्मा. तुमच्या गिटारची फळी पोलादी तारांच्या हिशेबाने मजबूत केलेली असते, नायलॉन तिला पुरेशी हलवूच शकत नाही. आवाज बसका येतो. उलट प्रकार मात्र घातक. क्लासिकल गिटारवर पोलादी तारा लावल्या तर ब्रिज उखडू शकतो. म्हणून एकदा खात्री करून घ्या. ब्रिजवर सहा खुंट्या असतील, म्हणजे ब्रिज पिन, तर गिटार पोलादी तारांची. तारा ब्रिजलाच गाठ मारून बांधलेल्या असतील आणि नेक चांगली रुंद असेल, तर ती क्लासिकल, आणि मग हे सगळं पत्र बाजूला ठेवून मला परत लिहा. बहिणीच्या मनात जो मऊपणा आहे तो पोलादी गिटारवर हवाच असेल, तर 'सिल्क अँड स्टील' नावाचे संच मिळतात. पोलादी गाभा आणि बाहेरची गुंडाळी यांच्यामध्ये मऊ धाग्यांचा थर असतो. बोटांनी हळुवार छेडायला छान. स्ट्रमिंगला मात्र त्या पुरत नाहीत.

धातूचं प्रकरण पाकिटं वाचताना फार मोठं वाटतं, तेवढं ते नाही. मुख्य प्रकार दोन. ८०/२० ब्राँझ म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. आपल्याकडे शब्द अचूक आहेत, तांबं आणि जस्त मिळून होतं ते पितळ. तेव्हा पाकिटावर ब्राँझ लिहिलेलं असलं तरी ही पितळच. नवी असताना आवाज लखलखीत, पण ती लकाकी लवकर उतरते. फॉस्फर ब्राँझ हे खरं कांसं, तांबं आणि कथील, त्यात किंचित फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये गिटारच्या तारांत ते आणलं. आवाज जरा उबदार, आणि ठेवणीत टिकाऊ. हा फरक फक्त गुंडाळीच्या चार तारांत असतो. पहिली आणि दुसरी दोन्ही संचांत साध्या पोलादीच. तुम्ही एकट्याने घरी वाजवता, तेव्हा कांसं घ्या. उद्या आवाज मंद वाटला तर पुढच्या वेळी पितळ. ब्रँडवरून मात्र डोकं शिणवू नका, नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा ११–५२ चालेल.

कोटिंगवाल्या तारा वाईट नसतात. गोर या कंपनीने, जलरोधक कापडाची तीच, एलिक्सिर नावाने १९९० च्या दशकात त्या आणल्या आणि अनेकांची सोय झाली. अतिशय पातळ थर घाम आणि मळ गुंडाळीत शिरू देत नाही, त्यामुळे त्या साध्या तारांपेक्षा बऱ्याच जास्त टिकतात. ज्यांच्या हाताच्या घामाने आठवड्याभरात तार खरबरीत होते, त्यांना त्या वसूल होतात. पण तुम्हाला अजून आपलं गेज, म्हणजे तारांची जाडी, ठरवायचंय. अकरा नको, दहा हवं, असं महिन्याभरात वाटलं तर महागाचा संच उतरवायला जीव होत नाही, आणि माणूस चुकीच्या तारांवर रेटत राहतो. गेज पक्कं झालं की घ्या. तोवर वाजवण्याआधी हात धुवायचे आणि नंतर सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसायच्या, एवढं केलं तरी पुष्कळ.

आता बदलण्याचं. तुम्हाला जमेल, पण या पहिल्या खेपेला पाकीट न फोडता गिटारबरोबर कारागिराकडे न्या आणि अकराच्या लावूनच ॲक्शन ठरवायला सांगा. बाराच्या तारांवर बसवलेली गिटार अकराच्या लावल्यावर थोडी बदलते: ताण कमी झाला की नेक किंचित मागे येते, आणि सुरुवातीच्या फ्रेटवर खरखर येऊ शकते. जुन्या तारांवर काम करून घेतलंत, तर पुन्हा फेरी पडेल. तो तारा चढवत असेल तेव्हा शेजारी बसून बघा, विचारा. पुढच्या खेपेला स्वतः.

स्वतः करताना पहिल्यांदा एकेक तार बदला. तार पूर्ण सैल केल्याशिवाय पिन उपटू नका. अडली तर पकडीने ओढायची नाही, फळीच्या मधल्या मोठ्या भोकातून हात घालून आतून ढकलायची. नवीन तार लावताना सगळ्यांची हमखास चूक होते ती इथेच. तारेच्या टोकाची गोळी भोकात सोडली, वर पिन दाबली, झालं असं वाटतं. पण गोळी पिनच्या टोकाखाली अडकून राहिलेली असते, आणि ताण आला की पिन टुणकन उडते. म्हणून गोळी आत टाका, पिनची खाच तारेच्या बाजूला ठेवून पिन हलकेच बसवा, आणि पिनवर अंगठा ठेवून तार वर ओढा. गोळी आतल्या फळीला टेकल्याचं हाताला कळतं, बारीकसा खट्ट जाणवतो. मग पिन दाबा. किल्लीवर जाड तारेचे दोन-तीन वेढे, बारीकचे चार-पाच, एकाखाली एक. सुरात आल्यावर तार बोटाने हलकेच वर उचलून ताणा, परत सुरात लावा, असं दोन-तीनदा. तरीही पहिले एक-दोन दिवस सूर उतरत राहील. पाकीट खराब निघालं असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

आणि पाकिटावरचा आकड्यांचा तुकडा कापून, मागे तारीख लिहून, केसच्या कप्प्यात टाकून ठेवा. तुमच्या भावाने एवढं केलं असतं, तर माझं निम्मं उत्तर वाचलं असतं.